पाणी सकल

उल्हासबाब परब संगणकाच्या पडद्याकडे कधी पाहत नसत. पडदा त्यांनीच मांडलेला, रंग त्यांचे, अक्षरं त्यांची; पण तपासायला आले की खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मागे उभे राहत आणि त्याच्या मानेकडे पाहत. गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषधाच्या कारखान्यात मी कंट्रोल रूमला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला याचा फार राग आला. मी खुर्ची फिरवून विचारलंच, काय पाहता म्हणून. ते मुळीच ओशाळले नाहीत. "तुजी मान आंखडटा गो," म्हणाले. "म्हणजे पडदो वायट जाला. मान सांगता, पडदो सांगना."

त्यांचं काम असं होतं. कारखान्यात कुठे पाणी कमी पडलं, वाफेचा दाब चढला, थंडावा गेला की आमच्या समोरच्या संगणकावर एक ओळ उमटते आणि भोंगा वाजतो. त्याला आम्ही अलार्म म्हणतो. कोणत्या बिघाडाला अलार्म द्यायचा, तो कोणत्या रंगात दिसेल, कोणत्या शब्दांत बोलेल, हे कोणाला तरी बसून ठरवावं लागतं. आमच्याकडे ते उल्हासबाब ठरवत. कोरगावचे राहणारे, पन्नाशी उलटलेले, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, त्यांतलं एक बंद.

त्यांच्या आधीचा पडदा बाहेरच्या कुठल्याशा कंपनीने करून दिला होता. हिरवे पंप, फिरणारे पंखे, निळं हलणारं पाणी, कोपऱ्यात लुकलुकणारे दिवे. चवथीला गणपतीवरच्या माटोळीला फळं-पानं लावतात तसं सगळं एकावर एक टांगलेलं. उल्हासबाबांनी तो सगळा राखाडी करून टाकला. पंप राखाडी, टाक्या राखाडी, नळ राखाडी. बिघाड झाला तरच रंग. आमच्यातल्या एकाने त्याला 'सुतकी पडदो' असं नाव दिलं आणि ते कारखानाभर झालं. उल्हासबाबांना ते आवडलं असावं, कारण तेही तसंच म्हणू लागले. "तांबडो रंग मिठासारको," ते सांगत. "चिमटीन घालचो. हे लोक वाटयेन घालतात, मागीर म्हणतात जेवण गळ्यांत कित्याक वचना."

कोणी नवा अलार्म मागायला आला की वाजल्यावर पुढे काय, हा त्यांचा एकच प्रश्न असे. "वाजलो, मागीर किते?" उत्पादन विभागाचे साहेब एकदा मोठ्या हौसेने आले होते. गोळ्या भरायच्या यंत्रावरचा डबा अर्धा झाला की अलार्म हवा म्हणाले.

"वाजलो, मागीर किते?"

"कळेल ना माणसाला."

"कळून किते करतलो?"

अर्ध्या डब्याचं कोणीच काही करत नाही, तो पुरता रिकामा व्हायची वाट बघतात. "मनशान खुर्चेंतल्यान उठपाक जाय," उल्हासबाब म्हणाले, "उठपाचें ना जाल्यार वाजोवपाचो ना." साहेब पाय आपटत गेले. त्या दिवसापासून त्यांनी उल्हासबाबांबरोबर दुपारचा चहा घेणं सोडलं. उल्हासबाब चहात उंडो, आमचा गोल पाव, बुडवून निवांत खात बसले.

स्वतःचा फोन मात्र त्यांनी कायमचा मुका करून ठेवलेला. त्यामुळे त्यांच्या बायकोचा, शैलाबायचा फोन कंट्रोल रूममध्ये यायचा. "तेंका सांग, नाल्ल संपले," ती मला सांगायची. मी सांगायची. "हो खरो अलार्म," ते म्हणायचे आणि येताना नारळ विसरायचे. दुसऱ्या दिवशी फोनवर शैलाबाय मलाच रागावायची, जणू नारळ मी विसरले.

जुन्या पडद्यावरचे अलार्म इंग्रजी आद्याक्षरांत आणि आकड्यांत बोलत. उल्हासबाब म्हणाले, ही यंत्राची नावं झाली, माणसाला त्यांचं काय? अलार्म आपल्या भाषेत, देवनागरीत लिहायचे त्यांनी ठरवलं. मग चहाच्या सुट्टीत ते एकेकाला गाठून विचारू लागले. टाकीतलं पाणी उतरलं तर तू शेजारच्याला ओरडून काय सांगशील? कोणी सांगितलं 'खाली'. ते त्यांनी बाद केलं. मराठीत खाली म्हणजे तळाकडे, आणि हिंदीवाल्यांना खाली म्हणजे रिकामी. दोन अर्थांचा शब्द अलार्मला नको. कोणी सांगितलं 'कमी'. त्यावर ते हसले. "कमी म्हटल्यार कोण उठता? आमच्यांत सगळेंच कमी आसता." शेवटी पेडण्याचे आणि डिचोलीचे आम्ही सगळे एका शब्दावर आलो. सकल. घरात आम्ही उठता-बसता म्हणतो, सकल बस, सकल दवर, सकल पडशी. सकल म्हणजे खाली, दुसरं काही नाही. 'गरम टाकी, पाणी सकल' अशी ओळ पडद्यावर आली तेव्हा पॅनेलवरची पोरं टाळ्या वाजवायची बाकी होती. यंत्र आपल्यासारखं बोलत होतं.

बॉयलरच्या शेडमध्येही एक छोटा पडदा होता. त्यावर तेच शब्द गेले.

शंकर त्यानंतर आला. गडहिंग्लजकडचा, ठेकेदाराचा माणूस, बॉयलरवर. कामाला वाघ, बोलायला कमी. भर दुपारी त्याच्या पडद्यावर ओळ उमटली, 'गरम टाकी, पाणी सकल'. ती वाचून त्याने टाकीत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद केला. टाकीत जे थोडं पाणी होतं तेही पंपाने बॉयलरमध्ये ओढून नेलं, मग तो कोरडा फिरत राहिला आणि ओरडू लागला. काय झालं म्हणून शंकर जवळ गेला तेव्हा पंपाचं सील फुटलं. वाफ आणि उकळतं पाणी त्याच्या उजव्या हातावर आलं, कोपरापर्यंत.

कंपनीने चौकशी केली. अलार्म वेळेवर वाजला होता, कामगाराने पाहिला होता आणि बरोबर उलट काम केलं होतं. निष्काळजीपणा, असं ठरत आलं. तसं ठरलं असतं तर शंकरची नोकरी जाणार होती आणि हाताचे उपचारही त्याचे त्यानेच करायचे होते. कोणाला त्यात अन्याय वाटला नाही. मलाही नाही. पाणी उतरलंय असं ठसठशीत लिहिलेलं असताना कॉक बंद करणाऱ्याला काय म्हणायचं?

उल्हासबाब म्हापशाला हॉस्पिटलात त्याला बघायला निघाले, तेव्हा मी सोबत गेले. शंकरचा हात पांढऱ्या पट्ट्यांत होता. उल्हासबाबांनी त्याला विचारलं, कॉक कित्याक बंद केलो? रागाने नव्हे. अलार्म मागायला आलेल्यांना विचारत तसंच, साधं.

"लिवलंच हुतं की," शंकर म्हणाला. "पाणी सकल. म्हंजे सगळं पाणी हाय. टाकी भरली. वर आनि सोडलं तर सांडंल म्हणून बंद केला." मग त्याला वाटलं आम्हाला पटत नाही. "देवळात म्हणत न्हाई व्हय तुम्ही? सकल जन, सकल संत. सकल म्हंजे सगळं."

आम्ही म्हणतो. मी लहानपणापासून डिचोलीच्या देवळात आरतीला उभी राहून म्हणते. आमचा देव मराठी आणि घर कोकणी. देवळात सकल म्हणजे सगळे आणि पायरी उतरून घरी आलं की सकल म्हणजे खाली. दोन्ही शब्द एकाच तोंडात राहतात आणि कधी एकमेकांना धडकत नाहीत, म्हणून ते दोन आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. दोन अर्थांचा शब्द नको म्हणून ज्या माणसाने एक शब्द टाकला, त्याने हा उचलला होता.

उल्हासबाब बाहेर येऊन हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसले. म्हणाले, "हांवें सगळ्यांक विचारलें. पूण सगळे म्हणजे आमचेच." बॉयलरवर बहुतेक घाटावरचेच लोक, ठेकेदाराचे. त्यांची चहाची सुट्टी वेगळी होती. एवढंच.

चौकशीच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं, चूक शब्दाची आहे आणि शब्द माझा आहे. साहेबांना आधी ते कळलंच नाही. शब्दाने हात भाजतो हे कागदावर कुठल्या रकान्यात लिहायचं? पण त्यांनी ते लेखी दिलं, मग लिहावंच लागलं. शंकरवरचा ठपका गेला. त्याचे उपचार कंपनीने करायचे आणि बरा झाल्यावर त्याला स्टोअरमध्ये कायम करायचं, असं ठरलं. उल्हासबाबांकडे राजीनामा मागितला. त्यांनी दिला. शेवटच्या दिवशी ते पडद्यावर 'पाणी सकल'च्या जागी 'पाणी उतरलं' असं लिहून गेले. जाण्याआधी घाटावरच्या प्रत्येक माणसाकडून ते वाचून घेतलं, आणि वाचताना त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

शंकरला हे सांगायला ते पुन्हा हॉस्पिटलात गेले. मी दारात होते. नोकरी राहिली, ठपका गेला, शब्द माझा होता, असं त्यांनी एकेक सांगितलं. शंकरने त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं.

"म्हंजे माजा हात तुम्ही जाळला."

"हय," उल्हासबाब म्हणाले.

शंकर भिंतीकडे वळला.

पुढे ते दर रविवारी पार्श्याला शंकरच्या खोलीवर जात. शंकर त्यांना दार उघडी, खुर्ची देई आणि एक शब्द बोलत नसे. हे बसत, विचारत, दुखता मरे, म्हणजे दुखतंय का रे. तो खिडकीतून बाहेर बघे. मग हे उठून येत. मी एकदा म्हटलं, कशाला जाता, तो काही माफ करणार नाही. ते चिडले. मला त्यांचा चिडलेला आवाज तेव्हाच पहिल्यांदा कळला. "माफी कोणाक जाय? तो माका गाळी दिवं, धपके मारूं. पूण दुखता काय ना तें सांगूं. वाजना तो अलार्म सगळ्यांत वायट गो." मला वाटतं, त्यांना आयुष्यात दुसरं काही नकोच होतं उरलेलं. दुखतंय की नाही, त्या माणसाने एवढं एक सांगावं.

इकडे आमच्याकडे नवी माणसं आली. पडदा पुन्हा रंगीत झाला, अलार्म पुन्हा इंग्रजीत. साहेबांचा अर्ध्या डब्याचाही लागला. आता दिवसभर काही ना काही वाजतच असतं आणि आम्ही न वाचता बटण दाबून ते गप्प करतो. सुरुवातीला डोकं उठायचं. आता उठत नाही. पावसाळ्यात उल्हासबाबांना ताप आला, छातीत कफ साठला आणि चार दिवसांत ते गेले. शैलाबायचा फोन कंट्रोल रूमवरच आला. "ते गेले गो," ती म्हणाली. मी 'बरं' म्हटलं आणि एका हाताने बटण दाबलं. मला काही वाटलं नाही. काही वाटत नाही याची मात्र थोडी भीती वाटली, तीही चहा येईपर्यंत गेली.

बाराव्याला मी कोरगावला गेले. पंगत बसली होती, मी शैलाबायच्या जावेबरोबर वाढत होते. शंकर दारात येऊन उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं आणि तिथे माझ्याशिवाय कोणी ओळखतही नव्हतं. मी शैलाबायला सांगितलं, हा शंकर. तिने त्याला पान मांडलं, भात वाढला, खतखतं वाढलं. तो डाव्या हाताने जेवू लागला तशी बाजूच्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे वळून पाहिलं. शंकरने हात मागे घेतला आणि तसाच पानासमोर बसून राहिला.

शैलाबाय भांडं खाली ठेवून त्याच्यापुढे बसली.

"वैनी," शंकर म्हणाला, "हात दुखत न्हाई आता. लई दिवस झालं, दुखत न्हाई. एवढंच सांगायचं हुतं त्यांस्नी. ते यायचे, मी आज बोलू, म्होरल्या खेपेला बोलू करत ऱ्हायलो."

"दुखना मरे? खरेंच?"

"काय कळतच न्हाई त्यात."

तिने त्याचा उजवा हात उचलून आपल्या हातात घेतला. आकसलेली चामडी, न वळणारी बोटं. तिने एकेक बोट दाबून पाहिलं आणि प्रत्येक वेळी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो मान हलवत होता. नाही. नाही. मी हातात वरणाचं भांडं घेऊन उभी होते आणि मला वाटत होतं की आता मला रडू येईल, पण आलं नाही.

शैलाबायने त्याचा हात त्याच्या मांडीवर परत ठेवला. मग त्याच्या पानातला भात आपल्या हाताने कालवून त्याच्या तोंडाशी घास धरला.

"जेव," ती म्हणाली. "ते वाट पळयताले तुजी."