बिराप्पाची सही

"मी एका माणसाला सही शिकवली आणि वाचायला शिकवलं नाही, गुन्हा म्हणजे काय, ते इथून समजून घ्या."

कळंबकडच्या एका कॉलेजात बब्रुवान ओव्हाळ सर गुन्हेगारीशास्त्राचा पहिला तास दर वर्षी या वाक्यानं सुरू करायचे. मागच्या बाकांवर हसू फुटायचं. ते विझेपर्यंत सर त्या तोंडांकडं बघत उभे राहायचे.

सर तेर गावचे. छप्पनच्या धर्मांतरानंतर घरात बुद्धाची तसबीर आली आणि पोरानं शिकायचं हे ठरून गेलं. बी.ए. झाले आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. नोकरी मिळाली ती जिल्ह्यातल्या एका तुरुंगात, कैद्यांना साक्षर करायची. त्या सालात आत कोण होतं? कुणी रेशनच्या गोदामाचा पत्रा उचकटलेला, कुणी उसात जनावरं घातलेली. गोदामच्या गोदाम गिळणारे बाहेर हार घालून घेत होते. वरून हुकूम एकच, सही आली की माणूस साक्षर. त्यापुढं शिकवायला खडूसुद्धा मिळत नव्हता.

बिराप्पा धनगर तिथं आला. त्याची मेंढरं कुणाच्या तरी उसात शिरली होती. तो सुटेपर्यंत ती चाऱ्यावाचून मेली. सही मात्र तो अशी शिकला, की सुटल्यावर माळावर काठीच्या टोकानं धुळीत आपलं नाव काढत हिंडायचा. वळायला तेवढंच उरलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात उपसा सिंचन सोसायटीची पाण्याची मोटार नाहीशी झाली. ती चेअरमनच्या मेहुण्याच्या विहिरीवर चालते हे गावातल्या शेरडांनाही ठाऊक होतं. पोलिसांनी बिराप्पाला उचललं. एकदा आत जाऊन आलेला माणूस हाताशी असला की शोधायचे कष्ट वाचतात. मोटारीची तांब्याची तार यानं स्वतः काढून दिली, असा पंचनामा लिहून त्याच्यापुढं ठेवला. शेजारी अंगठ्यासाठी शाईची गादी. बिराप्पानं गादी बाजूला सारली आणि पेन मागितलं.

अंगठा असता तर हात धरून उठवला म्हणता आलं असतं, असं वकील म्हणाला. सही करणारा वाचून करतो, असं कोर्ट धरून चाललं. सही वळणदार होती.

शिक्षा लागून तो परत सरांच्याच वर्गात येऊन बसला.

"गुर्जी, म्या अंगठा न्हाय दिला. सही केली."

तो शाबासकीची वाट बघत होता.

"कशावर केली, बिराप्पा?"

"ते तुमी कुठं शिकिवलं?"

त्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून त्यानं सांगितलं होतं. सरांनी ते पुढं कुणालाही सांगताना आवाज चढू दिला नाही. बाकी सगळ्यावर चढायचा.

दुसऱ्या दिवसापासून ते वर्गात वाचन शिकवू लागले. साक्षरांचा आकडा घसरला, नोकरी गेली. मग वर्षानुवर्षं तुरुंग पालथे घालून त्यांनी एकच विचारलं, तू कशावर सही केलीस? त्याचा प्रबंध झाला. बिराप्पाचं प्रकरण त्यात मोटारीसकट, मेहुण्यासकट आलं. त्यावर कॉलेजात लागले, पण तात्पुरते.

ऐंशीनंतर सोसायटीचा तोच चेअरमन कॉलेजचाही अध्यक्ष झाला. प्रबंधाचं पुस्तक निघणार हे कळल्यावर त्यानं सरांना कायम करायला म्हणून बोलावलं. चहा मागवला. तुमच्या लोकांना सरकारनं एवढं दिलं तरी राग जात नाही, असं हसत म्हणाला. मेलेल्या धनगरासाठी बायकापोरांच्या पोटावर पाय देता का, असंही. बिराप्पा तुरुंगातच वारला होता.

मग त्यानं कागद पुढं सरकवला. बिराप्पाचं प्रकरण खोटं असल्यानं मी ते वगळतो, असा मजकूर. खाली सरांचं नाव टाइप केलेलं.

सरांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. शेवटाला पोचले आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

"वाचताय काय सर? सही करा," चेअरमन म्हणाला आणि आपलं पेन उघडून त्यांच्या हाताशी धरलं.

सरांनी तो कागद उलटा फिरवला, चेअरमनला वाचता येईल असा त्याच्यासमोर ठेवला. चष्मा खिशात घातला, खुर्ची मागं सारली आणि बाहेर पडले.