पांढरी, करडी आणि गिसबर्ट

गिसबर्टने आणि मी बावीस वर्षं मिळून लोखंडी पत्रे उचलले. एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. रिंग म्हणजे आमच्या डोंगरातला रेसचा रस्ता, ठरलेल्या वेळी पैसे भरून कोणीही तिथे आपली गाडी पळवतो. तिथे कोणाची गाडी कठड्यावर आपटली की रस्ता बंद होतो, पिवळे दिवे लावून आमचा ट्रक निघतो. मग वाकलेला पत्रा काढा, मोडलेला खांब उपटा, नवा ठोका, नट आवळा. वीस किलोमीटरच्या वर रस्ता आणि दोन्ही बाजूंना कठडा. एका टोकाकडून दुरुस्त करत निघावं, तर दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं परत वाकलेलं असतं. लोक विचारतात, इतकी वर्षं केलंत, कंटाळा नाही आला? आला. पहिल्याच वर्षी आला. मग जायचं कुठे, आमच्या आडेनाऊ गावात दुसरं आहे काय?

गिसबर्ट माझ्याही आधी नऊ वर्षं तिथे होता. म्हणजे एकूण एकतीस. अंगाने आडवा, बोलायला कंजूस. जगातल्या एकाहून एक भारी गाड्या त्याने पाहिल्या, पण सगळ्या नाक चेपलेल्या. बाकीच्यांना गाडीचा दिमाख दिसायचा, याला फक्त पत्र्यावर उरलेला रंग दिसायचा. कठड्याशी अंग चोरून उभ्या असलेल्या मालकाला तो थर्मासमधली कॉफी द्यायचा आणि एक शब्दही न बोलता कामाला लागायचा. समजूत घालणं आपल्या पगारात बसत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्याला हौस एकच होती. बेर्गवेर्कच्या वळणानंतर रस्ता जंगलातून वर चढत जातो. आम्ही तिकडे वरच्या अंगाला बसून डबा खात असलो आणि खालून एका विशिष्ट जातीची गाडी येऊ लागली, की गिसबर्ट हात वर करून आम्हाला गप्प करायचा. टर्बो नसलेली, रेसच्या ट्रॅकसाठीच बांधलेली गाडी. तिचं इंजिन चढावर जो आवाज काढत यायचं, तो मिनिटभर ऐकू यायचा. तोवर याचा घास हातातच. गाडी गेली की म्हणायचा, "निवृत्त झालो की हीच घेणार." आम्ही हसायचो. कारण एवढ्या वर्षांत रिंगवर त्याने स्वतःची गाडी एकदाही घातली नव्हती. रस्ता लोकांना खुला असायचा तेव्हा आम्ही कामावर, आणि आम्ही मोकळे तेव्हा रस्ता बंद. आमच्या ट्रकमधून तो हजार वेळा फिरला असेल, पण सायकलच्या वेगाने.

गेल्या मार्चमध्ये त्याचा उजवा खांदा कायमचा गेला आणि त्याला घरी बसवलं. आम्ही निरोपाला कठड्याचाच हातभर तुकडा घासूनपुसून दिला. मार्लीसने, म्हणजे त्याच्या बायकोने, तो खिडकीखाली ठेवून त्यावर फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या. तो म्हणाला, घरीसुद्धा हेच बघायचं का? तरी कुंड्या हलल्या नाहीत.

आणि त्याच महिन्यात फोल्करच्या गॅरेजमध्ये ती गाडी आली. फोल्कर पूर्वी रेस खेळायचा, आता जुन्या गाड्या विकतो. गाडी पांढरी, दहा वर्षांची, दोनच सीटा. मागे सीटांच्या जागी लोखंडी नळ्यांचा पिंजरा, मागच्या बाजूला हा एवढा पंख. आत शिरायचं तर आधी पाय, मग कंबर, मग देवाचं नाव. तिच्या शेजारी करडी उभी होती. चार दारं, टर्बो, चारही चाकांना ओढ, गरम होणाऱ्या सीटा, मागे सामानाला ऐसपैस जागा. आमच्या आयफेलच्या डोंगरांत बर्फातही चढेल आणि रिंगवरही कोणाला हार जाणार नाही. दोघींची किंमत जवळपास सारखीच. गिसबर्टची जुनी व्हॅन शेवटच्या घटका मोजत होती आणि घरात गाडी एकच राहणार होती. म्हणजे पांढरी घेतली तर मार्लीसने दर पंधरवड्याला ट्रियरला आजारी बहिणीकडे पिंजऱ्यात बसून जायचं, आणि करडी घेतली तर एकतीस वर्षं धरलेला हट्ट सोडायचा.

गावाने हा प्रश्न डोक्यावर घेतला. बेकरीच्या रांगेत करडीचं पारडं जड, गुरुवारच्या आमच्या खेळाच्या अड्ड्यावर पांढरीचं. मार्लीसला विचारलं तर ती म्हणायची, मला मध्ये घेऊ नका. त्याने आजवर काही मागितलं नाही, आता मागतोय तर मी आडवी येणार नाही. आणि मग गुडघा चोळायची. गिसबर्ट तो गुडघा बघायचा आणि अंगणात निघून जायचा.

शेवटी फोल्कर म्हणाला, दोन्ही गाड्यांतून एकेक फेरी मार आणि काय ते ठरव. एप्रिलमधला रविवार होता, मी रजा टाकली होती. सकाळी रस्ता लोकांसाठी उघडला तेव्हा गिसबर्ट पांढरीत बसला, शेजारी फोल्कर. मी बाहेर उभा राहिलो. मला वाटलं होतं, परत येईल तेव्हा याचा चेहरा लहान पोरासारखा फुललेला असेल. परत आला तो घामाने भिजलेला, आणि फोल्करचा चेहरा पांढरीहून पांढरा. गिसबर्ट म्हणाला, गाडी फार कडक आहे, स्टिअरिंग हातात राहत नाही, उजवीकडे ओढते. फोल्करने खिशातून करडीची किल्ली काढली. म्हणाला, "करडी घे. माटेस, तूही बस मागे."

ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. गाडीत काही दोष नव्हता. पहिली दोन किलोमीटर तो नीट चालवत होता. मग जिथे आम्ही नोव्हेंबरमध्ये सहा खांब बदलले होते ती जागा आली, आणि त्याची मान उजवीकडे वळली. मानेबरोबर खांदे, खांद्यांबरोबर हात, हातांबरोबर गाडी. फोल्करने स्टिअरिंगला हात घालून ती रस्त्यावर आणली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. गाडी चालवायला शिकवताना सगळ्यात आधी हेच सांगतात, ज्या बाजूला बघशील त्या बाजूला गाडी जाईल. आणि हा माणूस एकतीस वर्षं फक्त कठड्याकडे बघत आला होता.

"रस्त्याकडे बघ, गिसबर्ट," फोल्कर म्हणाला.

"बघतोय."

"नाही बघत."

"तिसऱ्या खांबाचा नट सैल आहे," गिसबर्ट म्हणाला, आणि गाडी पुन्हा उजवीकडे निघाली.

सोमवारी मी जाऊन पाहिलं. नट खरंच सैल होता. ताशी शंभरच्या वेगात त्याला तो दिसला होता. मी आवळला आणि तिथेच गवतात बसून राहिलो. मला हसूही आलं नाही. त्याच्या जागी मी बसलो असतो तर मलाही दिसलाच असता, आणि मीही तिकडेच गेलो असतो.

त्या रविवारी फोल्करने गॅरेजच्या अंगणात त्याला सरळ सांगितलं की मी तुला पांढरी विकणार नाही. करडी विकतो, पण ती चालवत तू रिंगवर जाणार नाहीस असा शब्द दे. गिसबर्ट म्हणाला, सराव केला तर जमेल. फोल्कर म्हणाला, सराव तर तू एकतीस वर्षं केलास, तोच नडतोय. गिसबर्टला ते लागलं. तो चालत घरी गेला आणि तीन आठवडे कोणाशी बोलला नाही. मी दोनदा जाऊन आलो. बिअर पुढे ठेवायचा, स्वतः बसायचा, बस्स. दुसऱ्या वेळी निघताना म्हणाला, "लोकांच्या गाड्या वाचाव्यात म्हणून खांब ठोकले, माटेस. माझे डोळेच त्यात ठोकले गेले." मी म्हटलं, खांद्याला शेक घे.

मग मार्लीस उठली. ही बाई सव्वीस वर्षं बेकरीची व्हॅन चालवायची. पहाटे, धुक्यात, बर्फात, या डोंगरांतल्या सगळ्या गावांना पाव पोचवत. एकही पाव कधी उशिरा गेला नाही. तिने फोल्करला फोन केला, रविवारी त्याला शेजारी बसवलं आणि आधी करडीतून एक फेरी मारली, मग गुडघ्यासकट पांढरीत शिरून दुसरी. फोल्कर मला म्हणाला, ती काही फार वेगात नेत नाही, पण कठडा आहे हेच तिला माहीत नाही. नजर सारखी पुढच्या वळणावर, पुढच्या दारात पाव टाकायचाय अशी.

त्या दुपारी स्वयंपाकघरात बटाट्याच्या धिरड्यांवर सफरचंदाचा मुरंबा घालता घालता ती गिसबर्टला म्हणाली, "कुठली ते तू ठरव. चालवेन मी. तू शेजारी बसायचं." मी तिथेच होतो, मलाही ताट वाढलं होतं.

"पांढरी घेतली तर तुझ्या गुडघ्याचं काय?" तो म्हणाला.

"गुडघा माझा आहे. मी बघून घेईन."

म्हणजे निवड पुन्हा त्याच्यावरच आली, आणि आता अडवायला कोणी नव्हतं. मी मनात म्हटलं, पांढरी आली. गिसबर्टने धिरडं संपवलं, दुसरं घेतलं, तेही संपवलं.

"करडी," तो म्हणाला.

मार्लीसने हातातला डाव खाली ठेवला. माझ्यासाठी मन मारू नकोस, असं ती सांगू लागली, तेव्हा त्याने तिला थांबवलं. म्हणाला, मन मारण्याचा प्रश्न नाही. त्या दिवशी पांढरीत बसून मी बेर्गवेर्कचा चढ चढलो. इतकी वर्षं वाट बघत होतो त्या आवाजाची. आतून तो ऐकूच येत नाही. नुसता गोंगाट, आणि खडे पत्र्याला लागतात ते. तो आवाज बाहेरच्या माणसासाठी असतो. खांबाला टेकून बसलेल्यासाठी. ती गाडी दुसऱ्या कोणीतरी घ्यावी आणि चालवावी, मी बसेन वर जाऊन.

मला त्याची इतकी कीव आली आणि इतका रागही आला की मी ताट सरकवलं. हे कळायला एकतीस वर्षं का लागावीत, मी विचारलं. तो म्हणाला, कारण मला आत बसायला कोणी सांगितलं नाही.

करडी घरी आली. मे महिन्यातल्या एका रविवारी, ऊन चांगलं पडलेलं असताना, मार्लीस आम्हा दोघांना घेऊन रिंगवर गेली. ती चालवत होती, गिसबर्ट शेजारी, मी मागे. आता त्याच्या नजरेने कोणाला धोका नव्हता. त्याने खिडकीला कपाळ टेकवलं आणि पोटभर कठडा बघितला. नवा पत्रा चकाकतो, जुना राखेसारखा होतो, त्यामुळे कुठला कधीचा हे आम्हाला लांबूनही कळतं. सुरुवातीला तो बोलत होता. हा डच डॉक्टरने वाकवलेला. हा दोनदा. हा त्या पावसातला, तुझं बोट चिरडलं तो. इथे तर आपण नाताळच्या आदल्या दिवशी होतो. मीही मागून भर घालत होतो. मार्लीस म्हणाली, तुम्ही दोघांनी या पत्र्यांशीच लग्न करायला हवं होतं. आम्ही हसलो.

मग सांगायला वेळ पुरेना. एका जागेचं नाव घेईतो पुढच्या चार निघून जायच्या. चकाकणारा, राखाडी, राखाडी, चकाकणारा. तो नुसताच बोट दाखवू लागला, मग बोटही खाली आलं. शेवटचा लांब सरळ रस्ता लागला तेव्हा त्याने मला किती मिनिटं झाली म्हणून विचारलं. मी घड्याळ बघून सांगितलं, अकरा.

"अकरा," तो म्हणाला. "एवढंच होतं होय?"

त्या अकरात माझी बावीस वर्षंही होती.

तो बायकोकडे वळला. "मार्लीस, जरा सावकाश घे ना."

तिने आरशात पाहिलं. "इथे नाही घेता येत, गिसबर्ट," ती म्हणाली. "मागून लोक येतायत."