अप्पांनी बेतलेले केस

आमच्या घरातले केस कापण्याचे किस्से म्हणजे फरशीवरचे केसच. कितीही झाडा, एखादा कोपऱ्यात सापडतोच. हसत सांगतो खरा, पण त्यातले काही आठवले की अजून मान खाली जाते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हैसुरात शिंपीकाम करायचे. आम्हा तिघा भावांचे केस दर महिन्याला एका रविवारी घरीच, व्हरांड्यात. न्हावी केस कापतो, अप्पा बेतायचे! मानेवर टेप लावायची, खडूने रेघ मारायची, मग कातर. "सुम्ने, गप बस. हललास तर कानाला रफू करावं लागेल."

एकदा धाकट्याची डावी बाजू तिरकी गेली. ती जुळवायला उजवी कापली, मग परत डावी. शेवटी डोक्यावर काही उरेना. आई भडकली. अप्पा शांतपणे म्हणाले, "काळजी कशाला? केस वाढत्या अंगाचेच असतात."

*

पुढे मी बँकेत लागलो, केस पिकले. सलूनमध्ये डाय करायची लाज, कोणी ओळखीचं भेटलं तर? म्हणून कुवेंपुनगरातल्या घरी, बाथरूममध्ये, जुन्या टूथब्रशने. पहिल्या खेपेला आरशात दिसलं तेवढंच रंगवलं. स्कूटर काढतोय तोच मागून बायको, मंजुळा, म्हणाली, "अहो थांबा! पुढून नवरा, मागून सासरे दिसताय!"

त्या दिवशी रजा टाकली.

*

जवळच्या एच. डी. कोटे गावाहून मुलीला बघायला पाहुणे येणार होते. सकाळी मिशीला डाय लावला, दुपारपर्यंत वरचा ओठ टम्म! रुमाल धरून बसलो. मंजुळाने दाढदुखीचं कारण सांगितलं. मुलाच्या आईला इतकी दया आली की तिने माझ्यापुढची चिरोट्यांची बशीच उचलून नेली.

लग्न जमलं. व्याही अजून फोनवर आधी दाढेची चौकशी करतात.

*

हा शेवटचा किस्सा मी घरातही कधी सांगितलेला नाही.

सातवीत होतो. वर्गात सगळे माझ्या डोक्याला हसायचे. वडील घरीच कापतात हे सांगायची लाज वाटायची. म्हणून थाप मारली, की मार्केटजवळचा एक म्हातारा न्हावी कापतो, त्याला नीट दिसत नाही. सगळ्यांना पटली. मास्तरांपर्यंतसुद्धा पोचली.

त्या वर्षी गॅदरिंगच्या नाटकाचे कपडे शिवायला शाळेने अप्पांनाच बोलावलं. एकेकाचं माप घेत ते माझ्यापर्यंत आले. मास्तर हसत कन्नडमध्ये म्हणाले, "तुमच्या हातात एवढी सफाई, आणि पोराचं डोकं त्या आंधळ्या न्हाव्याकडे कशाला देता?"

वर्ग खो खो हसला. टेप माझ्या छातीभोवती होती. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत राहिलो. आता यांनी खरं सांगितलं तर मेलोच, एवढंच माझ्या मनात होतं.

"चुकलंच, सर," अप्पा म्हणाले. "आता नाही पाठवणार त्याच्याकडे."

आणि त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं.

घरी ते आईलाही काही बोलले नाहीत. रविवारी दोघा भावांचे केस कापून झाले. मी टॉवेल गुंडाळून पुढे जाऊन बसलो, तर अप्पा कातर पुसत म्हणाले, "तू सलूनला जा. मी सांगून आलोय त्यांना, नीट कापा म्हणून."