बाबांची पकड
थंडीत बांबूच्या वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास आला, की मला बोईसरच्या डॉक्टरांची खोली आठवते. बाबांच्या शर्टाला तोच वास होता. आमच्या दांडी गावात बाबांच्या पकडीचं भारी कौतुक. होडी ओढताना दोर एकदा धरला, की "सोड, सोड" ओरडलं तरी त्यांची मूठ सुटायची नाही आणि सगळे हसायचे. त्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी बाबांचा हात हातात घेतला, घट्ट दाबायला लावला आणि म्हणाले, "आता सोडा." बाबांची बोटं कशीबशी, एकेक करून उघडली. "आमच्या घरातली पकडच अशी हाय, माझ्या बापाचीपण होती," बाबा ऐटीत म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत. डीएमपीके नावाच्या जनुकात बिघाड आहे, म्हणाले. त्यानं आवळलेले स्नायू सैल पडत नाहीत, पुढे हृदयालाही धोका असतो, आणि पुढच्या पिढीला तो बहुधा आणखी लवकर गाठतो. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. माझी मूठ उघडेपर्यंत बाबा तिच्याकडे बघत राहिले. परवा सकाळच्या गारठ्यात, शाळेच्या दारात, माझ्या मुलीनं धरलेलं माझं बोट सुटेचना. "बापाचा फार लळा आहे हो," म्हणत बाई हसल्या. मी हसलो नाही.