भिंतीलगतचं खुराडं

तीन डिसेंबर. खुराडं झाडून आत ताजी राख पसरत होते, तेवढ्यात फाटकाशी नगरपालिकेचा माणूस आला. त्याच्या मोबाइलमध्ये माझ्याच खुराड्याचा फोटो होता.

"ताई, तक्रार आलीय. शेजारच्या भिंतीला लागून कोंबड्या ठेवता येत न्हायत. कोंबडा पहाटं गल्ली उठवतो म्हणं. उद्या सकाळी येतो. हलवलं नसंल तर उचलावं लागंल."

फोटो शेजारच्या गच्चीवरून काढलेला होता. म्हणजे तक्रार गुरुजींची. निवृत्त शिक्षक, झोप हलकी.

नियमाशी माझं भांडण नव्हतं. वास त्यांच्याकडे जातच होता. विटा आणि पत्रे हलवायला कितीसा वेळ लागतो? अडचण आत होती. तांबडी कोंबडी खुडूक होऊन भुशाच्या टोपलीत अंड्यांवर बसली होती. पिल्लं निघायला आठवडा बाकी. अशी कोंबडी दिवसाउजेडी हलवली की उठते, परत बसत नाही, आणि अंडी गार पडतात.

त्यात ती अंडी माझी नव्हती, गुरुजींच्या बायकोची होती. वहिनींनी ढोकीहून, माहेरून, गावरान अंडी आणलेली; त्यांच्याकडे कोंबडी नाही. मग आमच्याकडे करतात तशी वाट्यानं बसवली. अंडी त्यांची, कोंबडी माझी, पिल्लं निम्मी निम्मी. "ह्यांना सांगते सवडीनं," म्हणाल्या होत्या. ती सवड अजून मिळाली नव्हती.

भिंतीवरून हाक मारली. "वहिनी, नगरपालिका तुमची अंडी उचलायलीय."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घराकडे तोंड केलं. "अहो, बाहेर या! फोटो काढायला गच्चीवर चढता येतं, आता भिंतीपाशी या."

गुरुजी आले. "म्या फक्त नियम काय हाय ते विचारलं."

"त्या टोपलीतली अंडी माझ्या माहेरची हायत."

"तुझी? मग तिच्या कोंबडीखाली काय करायलीत?"

"तुमच्याखाली ठेवायची होती का?"

मी राखेचं घमेलं उचलून पाठ फिरवली. हसू आवरेना.

"पण कोंबडा लई आरवतो," गुरुजी हळूच म्हणाले. तेही खरंच होतं.

"कोंबडा ढोकीला माझ्या भावाच्या रानात जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "तिथं कुणाची झोप मोडत न्हाय. कोंबडी मातुर इथंच पायजे."

दुपारी अंगणाच्या मधोमध, लिंबाखाली, नवं खुराडं उभं केलं. दोन्ही भिंतींपासूनचं अंतर गुरुजींनी स्वतः टेपनं मोजलं, मग पुन्हा मोजलं. दिवेलागणीला अंधारून आल्यावर टोपलीवर जुनं लुगडं टाकलं. ती गुरुजींनीच उचलायची, असा वहिनींचा हुकूम होता. काठोकाठ भरलेली घागर न्यावी तसे ते चालत होते. लुगड्यातून कोंबडीनं एकदा टोचलं, पण त्यांनी टोपली हलू दिली नाही. टोपली आत ठेवून खुराड्याच्या तोंडाशी पोतं लावलं. ती बसून राहते की उठते, ते सकाळीच कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी उठले ती चहाही न ठेवता लिंबाखाली गेले. पोत्याचा कोपरा वर केला. कोंबडीनं अंग फुगवलं आणि माझ्यावरच गुरकावली. जागची हलली नव्हती. तिच्यापुढे मूठभर ज्वारी टाकली, कोंबडा पिशवीत घातला, त्याची मान तेवढी बाहेर ठेवली.

भिंतीवरून गुरुजींचा आवाज आला. "बसलीय का?"

"बसलीय. पालिकेचा माणूस आला की जागा तुम्हीच दाखवा."

पिशवी स्कूटीला अडकवली आणि ढोकीच्या वाटेला लागले.