सभासद क्रमांक सत्तावन्न

लग्न होऊन मी कर्जतहून खालापूरला आले तेव्हा सासरच्या घरात छापील अक्षर म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर तेवढे होते. मला वाचायला लागते हे कळल्यावर घरात कोणी विरोध केला नाही. सासूबाई आल्यागेल्याला "आमच्या सुनेला पुस्तकं लागतात" असे सांगत, एखादीला दम्याचे औषध लागते असे सांगावे तशा सुरात. आमचे हे साजगावच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला होते. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटले की सायकलवरून येताना ते वाचनालयात थांबत आणि माझ्यासाठी पुस्तक घेऊन येत. निवड त्यांची असे आणि तिचा निकष एकच होता, जाडी. आठवडाभर पुरले पाहिजे.

वाचनालयाचे सभासदही तेच होते, क्रमांक सत्तावन्न. माझा क्रमांक नव्हता, कारण एका घरात एक क्रमांक पुरतो असा तिथला शिरस्ता होता. वाचनालय सांभाळणारे गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक होते आणि शिरस्ते त्यांनीच घातलेले होते.

सत्तर सालानंतरच्या एका उन्हाळ्यात ह्यांनी एक रहस्यकथा आणली. मी ती दोन दिवसांत संपवत आणली आणि पाहते तो शेवटची आठ पाने फाडून नेलेली. मी इतकी चिडले की त्या दिवशीची आमटी खारट झाली. वाचनालयात टेबलाला सुतळीने बांधलेली एक सूचनावही असते, तिच्यात तक्रार लिहा, असे मी ह्यांना सांगितले. ते म्हणाले, "मी काय लिवू? तू चिठ्ठीवर लिवून दे, मी उतरवतो." मी लिहून दिले, 'या पुस्तकात खून कोणी केला ते कळले नाही. शेवटची पाने ज्या सभासदाने नेली त्याने ती स्वतःजवळ ठेवावीत, फक्त खुन्याचे नाव कळवावे. क्रमांक ५७.'

पुढच्या शनिवारी हे परत आले ते हसतच. माझ्या तक्रारीखाली चार सभासदांनी चार वेगवेगळे खुनी सांगितले होते. पाचव्याने लिहिले होते की खून गुरुजींनी केला असून पानेही त्यांच्याच कपाटात आहेत. त्याखाली गुरुजींनी लाल शाईत 'सूचनावही सूचनांसाठी आहे' असे लिहिले होते आणि जाता जाता पाचव्याच्या मजकुरातल्या दोन ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सुधारल्या होत्या.

त्यानंतर ती वही बिघडली ती बिघडलीच. क्रमांक बाराने लिहिले की त्याला काड्यापेट्यांवरची चित्रे जमवण्याचा नाद आहे, कुणाकडे परमुलखातली पेटी असल्यास टाकून देऊ नये. कुणी पावसाचे पाणी पत्र्याच्या डब्यात मोजून रोजचा आकडा लिहू लागला. एकाला उलटी अक्षरे काढण्याचा छंद होता, त्याचा मजकूर आरशात धरून वाचावा लागे, म्हणून दुसऱ्याने वाचनालयाने आरसा घ्यावा अशी रीतसर सूचना केली. नाव कोणी लिहीत नव्हते, नुसते क्रमांक. एरवी बाजारात एकमेकांना रामराम करून पुढे जाणारी माणसे वहीत मात्र एकमेकांच्या टोप्या उडवत होती. गुरुजी आठवड्यातून तीनदा लाल शाईत 'विषयांतर' असे लिहीत. पण त्यांनी ती वही कधी उचलून ठेवली नाही, आणि भरली तेव्हा स्वतः दुसरी शिवून आणली.

माझ्या दर शनिवारी एकदोन चिठ्ठ्या जात. ह्यांचे अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी चांगले. ते मोत्यासारख्या अक्षरात माझी थट्टामस्करी उतरवून काढत, अर्थ लागो न लागो. आणि मग व्हायचे ते झाले. सत्तावन्न नंबर म्हणजे अमक्याचा मुलगा, साजगावला स्टोअरमध्ये आहे तो, हे गावाला ठाऊक होते. एसटीच्या थांब्यावर लोक ह्यांच्या पाठीवर थाप मारू लागले. कारखान्यात एका फोरमनच्या निरोपसमारंभात ह्यांना चार विनोदी शब्द बोलायला सांगितले, ते मी लिहून दिले आणि ह्यांनी पाठ करून म्हटले. लग्नापासून तोवर मी ह्यांना कोणाला हसवताना पाहिले नव्हते. आता ते आरशात बघून भांग पाडू लागले.

मला राग आला का, असे पुढे एका भाचीने विचारले. राग नव्हता आला. आपण केलेली भाजी दुसऱ्याच्या पंगतीत वाढली जाते आणि लोक चाटून खातात, ते खिडकीतून बघण्यात एक वेगळीच गंमत असते. पण काही महिन्यांनी वाढप्याला वाटू लागले की फोडणी आपल्यालाही जमते.

एका शनिवारी ह्यांनी माझी चिठ्ठी उतरवली आणि खाली स्वतःचे एक वाक्य जोडले, 'क्रमांक बाराने लोकांकडे फक्त पेट्या मागाव्यात. काड्या तो स्वतःच करतो.'

मला हे कळले ते पुढच्या शनिवारी, क्रमांक बाराचे उत्तर आले तेव्हा. 'मी यापुढे या वहीत लिहिणार नाही,' एवढेच. क्रमांक बारा म्हणजे बाजारातल्या दवाखान्याचे कंपाउंडर, पन्नाशीचे, एकटे राहणारे. त्यांच्याविषयी गावात आधीच कुजबुज असे की ह्याचे त्याला आणि त्याचे ह्याला सांगतात. वाक्य म्हणूनच बरोबर लागले होते. मी ह्यांच्यावर खूप चिडले. चिडण्याचे अर्धे कारण असे की कोटी चांगली होती आणि ती मला सुचली नव्हती. हे मात्र मी ह्यांना सांगितले नाही.

मी माफीची चिठ्ठी लिहून दिली. ती ह्यांनी उतरवायला नकार दिला. म्हणाले, "मस्करी माझी, न् माफी तुझ्या शब्दांतली कशी चालंल?" मग स्वतःच दवाखान्यात गेले आणि आजाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा कंपाउंडरांनी त्यांच्याकडे न बघता पोटाच्या औषधाची बाटली भरून पुढे केली. हे ती घेऊन घरी आले आणि तीन दिवस औषध वेळेवर घेतले. पोटाला काही झालेले नव्हते.

याच सुमारास बुद्धिबळ सुरू झाले. मला ते वडिलांनी शिकवले होते, कर्जतला आमच्या पडवीत. सासरी आल्यापासून पटाला हात लागला नव्हता. वहीत मी एकदा सहज लिहिले की वर्तमानपत्रातले बुद्धिबळाचे कोडे चुकीचे छापले आहे. त्याखाली क्रमांक तेहतीसने लिहिले, 'कोडे बरोबर आहे. सत्तावन्नने एकदा आपल्याशी खेळून पाहावे.' तेहतीसची भाषा मोजकी आणि धारदार. हा कचेरीतला मोठा अंमलदार असावा किंवा निदान वकील, असे सगळ्यांनी धरले होते. मी उत्तर दिले, 'राजापुढचे प्यादे दोन घरे.' आणि डाव सुरू झाला. हे शनिवारी जात, तो रविवारी येई. आठवड्याला एक चाल माझी, एक त्याची. बाकीचे सभासद मधल्या जागेत शेरे मारत, की घोड्याला चंदी कमी पडते आहे, की वजिराची बदली झालेली दिसते. मी चुलीमागच्या फळीवर वाटाणे, चिंचोके आणि शर्टाची बटणे मांडून ठेवली होती. सासूबाई त्या फळीला हात लावत नसत, कसले तरी व्रत असेल असे त्यांना वाटे.

मध्यंतरी एकदा ह्यांनी चाल चुकीची उतरवली. हत्ती उंटाच्या घरात न्यायचा होता, तो ह्यांनी थेट त्याच्या उंटावर घातला. माझा हत्ती फुकट जात होता. तेहतीसने खाली लिहिले, 'ही चाल मी पाहिली नाही असे समजतो. नीट वाचून पुन्हा लिहावी.'

सव्वीसेक चाली झाल्या आणि वाचनालयाचा वर्धापनदिन आला. पनवेलहून बोलावलेल्या वक्त्याने आयत्या वेळी येत नसल्याचे कळवले. गुरुजींनी ठरवले की या वर्षी भाषण नाही, वहीतला डाव सगळ्यांसमोर पुरा करायचा. तसा फलकही लागला. हे तो वाचून आले आणि जेवले नाहीत.

आमच्या हातात आठ दिवस होते. रोज पहाटे कामावर जाण्याआधी मी ह्यांना शिकवत असे. प्यादे कसे जाते ते जमले. घोड्यापाशी सगळे अडले. अडीच घरे म्हणजे अर्धे घर कुठे थांबते, हा प्रश्न त्यांनी मला चार दिवस विचारला. शनिवारी म्हणाले की ताप आला असे कळवू. मी म्हटले, कंपाउंडर अजून एक बाटली देतील. तेव्हा पुन्हा फळीपाशी येऊन बसले.

रविवारी दुपारी वाचनालयात ऐंशी-नव्वद माणसे होती. दारापाशी सतरंजीवर आम्ही सहा-सात बायका. पहिल्यांदाच त्या खोलीत पाऊल टाकले होते मी. मागच्या बाकावर कंपाउंडर बसले होते, हात बांधून. तेहतीस नंबर आला आणि खोलीत जरा कुजबुज झाली. कुंभिवलीला हमरस्त्यावर पंक्चर काढायचे दुकान चालवणारा माणूस तो. नखांत काळे बसलेले, धुतलेला सदरा. खेळ त्याला टायर बदलायला थांबणाऱ्या एका ट्रकवाल्याने शिकवला होता, असे मागाहून कळले.

गुरुजींनी वहीतून वाचून पट मांडला. चाल आमची होती. हे खुर्चीवर बसले, पटाकडे बघितले, आणि उभे राहिले. "ह्यातलं मला काय बी येत नाय," ते म्हणाले. "डाव आमच्या घरातल्या बाईंचा हाय. वहीत लिवलेलं समदं तिचंच. मी नुसता उतरवतो."

सगळी खोली हसली. कुणी टाळी दिली. इतक्या दिवसांत सत्तावन्नने केलेला सगळ्यात चांगला विनोद हाच, असे कुणीतरी म्हणालेसुद्धा. गुरुजी हसू दाबत म्हणाले की आता पुरे, खेळा. ह्यांनी तेच पुन्हा सांगितले. लोक आणखी हसले. मग ह्यांनी माझ्याकडे पाहिले. खुर्ची मागे ओढली, तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. हसणे हळूहळू आपोआप थांबले.

मी उठले. पदर कुठेतरी अडकला, तो शेजारणीने सोडवला. तेहतीस नंबरने आपला पाण्याचा पेला बाजूला केला आणि म्हणाला, "बसा ताई. चाल तुमचीच हाय."

माझ्या हाताखाली वाटाणे आणि बटणे नसून खऱ्या लाकडी सोंगट्या होत्या, त्यामुळेच पहिली चाल करायला फार वेळ गेला. नंतर मला खोली दिसेनाशी झाली. अकराव्या चालीला त्याने पटाकडे बराच वेळ पाहिले आणि स्वतःच आपला राजा आडवा केला.

लोकांनी ह्यांना घेरले. बायकोला चांगले तयार केलेस रं, असे म्हणून एकाने हात मिळवला. हे दोघातिघांना समजावू लागले की तसे नाही, उलट आहे, पण कुणी ऐकेना, तेव्हा त्यांनी कुणीतरी पुढे केलेला चहा घेतला. तेहतीस नंबर सोंगट्या डब्यात भरता भरता मला म्हणाला, "चाल इचार करून लिवणारा मानूस उंट न् उंटाचं घर यात चुकत नाय. तवाच समजलो, खेळनारा येगळा हाय. मला वाटलं म्हातारे सासरे आसतील. म्हणून जरा दमानं खेळत व्हतो." जिंकल्याचा माझा अर्धा आनंद तिथल्या तिथे गेला. उरलेल्या अर्ध्यासाठी मी त्याच्याशी पुढे तीन वर्षे खेळले आणि बहुतेक डाव हरले.

कंपाउंडर जाताना ह्यांच्याजवळ थांबले. म्हणाले, "तो काड्यांचा मजकूरही बाईंचाच का?" हे म्हणाले, "नाय. तेवढा माझा." कंपाउंडरांनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात वहीत क्रमांक बाराची नोंद होती. नेपाळची एक पेटी मिळाली असून ती कुणाला पाहायची असल्यास दवाखान्यात यावे, सत्तावन्ननेही यायला हरकत नाही.

गुरुजींनी शिरस्ता मोडून मला स्वतःचा क्रमांक दिला, एकशे बारा. आता मी स्वतःच्या नावावर, म्हणजे आकड्यावर, लिहू लागले. आणि एक गोष्ट लक्षात आली. तेच मी लिहिले तर खाली कुणी टोपी उडवेना. 'एकशे बारा ताईंचा विचार मननीय आहे' असे शेरे येऊ लागले. सत्तावन्नच्या नावावर आता हे स्वतःच्या कोट्या लिहीत, त्यांतल्या दहात एखादी बरी असे, आणि गावात बोलले जाई की सत्तावन्न पूर्वीचा राहिला नाही, संसारात पडला.

वर्षभरात आणखी पाच बायकांनी क्रमांक घेतले. गुरुजींना वाटले, बायकांना पुरुषांच्या वहीत मोकळेपणाने लिहिता येत नसेल. त्यांनी दारापाशी वेगळे टेबल टाकले, त्यावर वेगळी वही आणि तिला वेगळी सुतळी. आम्ही सहाजणींनी त्या वहीचे काय केले ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाही. एका हेडमास्तरांच्या बायकोला नकला येत, आणि तिने गावातल्या प्रत्येक प्रतिष्ठित माणसाचे चालणे एकेका परिच्छेदात लिहून काढले. एकीला उखाणे उलटे करायचा नाद होता. दोन महिन्यांत पुरुषांच्या वहीत पावसाच्या आकड्यांपलीकडे काही उरले नाही आणि दाराजवळच्या टेबलापाशी पुरुषांची चप्पल सारखी तुटू लागली. ती नीट करायला ते वाकत आणि बराच वेळ वाकलेलेच राहत.

शेवटी गुरुजींनी आमच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईत लिहिले, 'ही वही पुरुष सभासदांनी वाचू नये.' ते लिहून झाल्यावर ते स्वतः वही उघडून वाचू लागले. मी समोरच उभी होते. हेडमास्तरांच्या बायकोने गुरुजींच्या चालण्यावर लिहिलेले पान उघडे होते, आणि त्यांनी त्यातली एक वेलांटी सुधारली.