जायला सहा, यायला चोवीस

"जायला सहा तास, यायला चोवीस," असं म्हणून काकू दोन्ही तळवे समोर धरायच्या. एक जवळ, एक लांब. मुंबई ते न्यूयॉर्कचा विमानप्रवास त्या असा दाखवायच्या.

सिडकोत मी त्यांच्याकडं पोळ्या करायला जायचे. लेकीनं पाठवलेला विमानाच्या वेळांचा कागद काकूंनी फ्रिजवर चिकटवला होता. मुंबईहून रात्री दोनला निघायचं, तिथं सकाळी आठला पोचायचं. परतीला मात्र तिथून सकाळी अकराला निघायचं, ते मुंबईत दुसऱ्या दिवशी अकराला. मी चौथी शिकलेली, मलाही ते पटलं.

"जाताना उतार असंल," काकू म्हणायच्या, "येताना चढ."

लेक पोटुशी होती आणि बाळंतपणाला तिला आई हवी होती. पण काका अंथरुणाला खिळलेले. अर्धं अंग गेलेलं, जीभ जड. घास भरवताना त्यांना ठसका लागला की काकू पांढऱ्या पडायच्या. मागं यांना काही झालं, तर यायला पुरा दिवस जाईल, हेच त्यांच्या मनात घर करून होतं. कमरेला साऱ्या घराच्या किल्ल्या आणि पाऊल मात्र फाटकापर्यंत, अशी बाई तुम्हीही पाहिली असेल.

हा विषय निघाला की काका आतल्या खोलीतून ओरडायचे, "सोडा, सोडा." काकू लिंबू पिळून सोडा न्यायच्या. काका तोंड फिरवायचे.

"मागायचं तुम्हीच आणि प्यायचं नाय," त्या करवादायच्या. महिनाभरात बाटल्यांनी कोपरा भरला.

एका दुपारी लेकीनं फोनवर नीट समजावलं. तिथलं घड्याळ आपल्या मागं असतं. प्रवास दोन्हीकडून पंधरा-सोळा तासांचाच. फोन ठेवून काकू काकांकडं बघत राहिल्या.

"अहो, तुम्ही सोळा म्हणत होता व्हय?"

काकांनी डोळे मिटले. पाणी कानाकडं ओघळलं. यायला एवढा वेळ लागत नाही, तू जा, हेच ते महिनाभर सांगत होते.

काकू स्वयंपाकघरात आल्या.

"दोन महिने इथं राहशील का गं? तुझ्या हातचं ते खातात."

घरी विचारते, म्हणाले. विचारलं नाही. सासूबाई काय म्हणतील ते ठाऊक होतं आणि त्यांच्यापुढं माझं तोंड कधी उघडलंच नव्हतं. रोज सकाळी काकू माझ्याकडं बघायच्या आणि मी कणकेकडं. पाचव्या दिवशी त्यांनी लेकीला कळवलं, जमत नाही म्हणून.

मला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. पोळी मऊ झाली, एवढं म्हणाल्या.

पुढं शेजारची एक बाई तिकडं निघाली. तिच्याजवळ काकूंनी डिंकाचे लाडू आणि बाळंतविडा दिला. गाडी वळेपर्यंत फाटकाची कडी धरून उभ्या राहिल्या. मग काकांना भरवायची वेळ झाली म्हणून आत गेल्या.